शेवगा पाला पावडरीच्या तपासणी अहवालाबाबत तक्रार

प्रति,
गुणवत्ता व्यवस्थापक,
अन्न तपासणी प्रयोगशाळा

विषय : निर्यात लॉटचा अपुरा अहवाल, विनाशुल्क फेरतपासणी व सुधारित अहवाल मिळणेबाबत

महोदय,

आमच्या शेवगा पाला पावडरीच्या लॉटचा तुम्ही दिलेला अहवाल जर्मनीतल्या खरेदीदाराने परत पाठवला आहे. लॉट क्रमांक आणि नमुना पावती सोबत जोडली आहे. रकान्यारकान्यात ‘बीएलक्यू’ (मोजता येणाऱ्या किमान पातळीच्या खाली) आणि शेवटी ‘पास’ एवढ्यावर युरोपात माल उतरत नाही, हे निर्यातीचे नमुने तपासणाऱ्या कंपनीला माहीत असायला हवे.

सगळ्यात गंभीर चूक ईटीओची, म्हणजे इथिलीन ऑक्साइड या निर्जंतुकीकरणाच्या वायूच्या तपासणीची आहे. आमचा सुकलेला पाला वाफेने निर्जंतुक होतो, नंतर दळला जातो. मात्र हे काम करून देणाऱ्या जॉबवर्क केंद्रात इतरांच्या मसाल्यांना इथिलीन ऑक्साइड दिले जाते. तिथून आपल्या मालाला काही लागले का, हे कळावे म्हणूनच ही तपासणी आम्ही मुद्दाम मागितली होती. तुम्ही फक्त इथिलीन ऑक्साइड मोजले. हा वायू साधारण ११ अंश सेल्सिअसला उकळतो, मालात टिकत नाही. मालातल्या क्लोराइडशी त्याची क्रिया होऊन २-क्लोरोइथेनॉल तयार होते. ते १२८ अंशांना उकळते, म्हणून मागे राहते. युरोपची मर्यादा या दोन्हींच्या बेरजेवर आहे, इथिलीन ऑक्साइडच्या रूपात मांडलेली. आमच्या करारात हर्बल चहाच्या गटाची किलोला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा लिहिली आहे. २-क्लोरोइथेनॉलच्या आकड्याला ०.५५ ने गुणायचे असते, म्हणजे ते एकटेच ०.१८ भरले तरी मर्यादा गाठली जाते. ते न मोजता दिलेला ‘बीएलक्यू’ कोणत्याही मालाला मिळाला असता. त्यातही तुमचा इथिलीन ऑक्साइडचा एलओक्यू (खात्रीने मोजता येणारी किमान पातळी) ०.५ आहे, मर्यादेच्या पाचपट. २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याच्या प्रकरणानंतर युरोपातला प्रत्येक खरेदीदार अहवालात पहिल्यांदा हाच रकाना बघतो.

साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जीवाणूच्या बाबतीतही तेच. आम्ही पाच वेगवेगळ्या ड्रममधून पाच सीलबंद नमुने पाठवले होते आणि अर्जात ‘५ × २५ ग्रॅम’ असे स्पष्ट लिहिले होते. तुमच्या नोंदीनुसार पाचही नमुने एकत्र कालवून त्यातले २५ ग्रॅम घेतले. म्हणजे एकेका ड्रमच्या वाट्याला ५ ग्रॅम आले. एकत्रच करायचे होते तर पूर्ण १२५ ग्रॅम ११२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये (जीवाणू वाढवण्याच्या द्रावणात) घालायला हवे होते. वाफेनंतर माल दूषित झालाच, तर तो थंड करताना किंवा दळताना होतो, आणि तो दोष सगळीकडे सारखा नसतो, एखाद्याच ड्रममध्ये सापडतो. पाच नमुने त्यासाठीच असतात. शिवाय शेवग्याच्या पाल्यात जीवाणूंना रोखणारे घटक आहेत. दालचिनी, ओरेगॅनोसाठी नमुन्याचे विरलन (द्रावणात पातळ करणे) दहापटीवरून शंभरपट करतात, ते अशाच कारणासाठी. आमच्या पावडरीत मोजके जिवंत साल्मोनेला मुद्दाम सोडून ते तुमच्या पद्धतीने परत सापडतात का, हे तुम्ही पाहिले आहे का? पाहिले असेल तर तो कागद द्यावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) भारतातून गेलेल्या शेवगा पाला पावडरीशी जोडलेले साल्मोनेलाचे रुग्ण जाहीर केले. तेव्हापासून या बाबतीत खरेदीदार कुणाचेच ऐकून घेत नाहीत.

आता कीटकनाशके. युरोपात ज्यांना वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यांना किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. ती ताज्या मालावर आहे, असे तुमच्या बाजूने धरू. शंभर किलो ताज्या पाल्यात ७८ टक्के पाणी धरले, तर ६ टक्के ओलाव्याची पावडर सव्वातेवीस-साडेतेवीस किलो निघते. म्हणजे अवशेष साधारण ४.३ पट घट्ट होतात. हा गुणक लावला तरी पावडरीत ०.०४३ च्या पुढे काही चालत नाही. तुमच्या यादीत अनेक रेणूंचा (कीटकनाशकांचा) एलओक्यू ०.०५ आहे! अशा रेणूंपुढे ‘पास’ कशाच्या आधारावर लिहिले? सुक्या पावडरीत आधी पाणी घालून ती भिजवावी लागते, आणि तिच्यातले दाट हरितद्रव्य काढून टाकण्याचा क्लीनअप वेगळा असतो, त्यात कार्बन वापरतात. तो करताना काही रेणू कार्बनला चिकटून जातात, म्हणून रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्यापैकी परत सापडलेला भाग) ७० ते १२० टक्क्यांत आहे हे दाखवावे लागते. अहवालात रिकव्हरीचा एकही आकडा नाही.

पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स या काही वनस्पतींतल्या विषाच्या तपासणीचे शुल्क घेतले आहे, निकाल मात्र कुठेच नाही. आमच्या भागात ताग हिरवळीच्या खताला पेरतात आणि खुळखुळा बांधावर उगवतो. दोन्ही याच विषाचे वाहक आहेत, त्यामुळे ही तपासणी आमच्यासाठी नावापुरती नाही.

अहवालावर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे चिन्ह छापले आहे, पण तुमच्या स्कोपमध्ये (मान्यता असलेल्या तपासण्यांच्या यादीत) शेवगा पाला पावडर दिसत नाही. स्कोपबाहेरची तपासणी मान्यताप्राप्त म्हणून दाखवता येत नाही.

या दिरंगाईत नुकसान मालाचेच होते आहे. दुहेरी लायनरचे ड्रम दर नव्या नमुन्यासाठी उघडावे लागतात. मृगानंतर खान्देशातली हवा दमट झाली की ६ टक्क्यांची पावडर भराभर ओलावा ओढते, आणि करारात कमाल ७ टक्केच मान्य आहे. रंग उतरतो तो वेगळाच.

म्हणून आमची मागणी अशी : तुमच्याकडील राखीव नमुन्यावर २-क्लोरोइथेनॉलसह ईटीओची, आणि आम्ही पाठवू त्या नव्या सीलबंद नमुन्यांवर साल्मोनेलाची फेरतपासणी विनाशुल्क करावी. ईटीओचा एलओक्यू ०.१ च्या बराच खाली नसेल, तर तसे आधीच लेखी कळवावे, आम्ही नमुना दुसरीकडे देऊ. सुधारित अहवालात प्रत्येक रेणूचा एलओक्यू, मोजमापाची अनिश्चितता, वापरलेली पद्धत आणि ‘पास’ ठरवण्याचा नियम लिहावा, सोबत क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेले आलेख) जोडावेत. न केलेल्या अल्कलॉइड तपासणीचे शुल्क परत करावे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हे सर्व कागद जोडून आम्ही एनएबीएलकडे तक्रार करू.

आपले,
शेवगा पाला उत्पादक व निर्यातदार शेतकरी
ता. अमळनेर, जि. जळगाव

सोबत : नमुना पावती, तपासणी अर्जाची प्रत, तुमचा अहवाल, खरेदीदाराचे पत्र