आमरीचा कंद जमिनीतच राहू द्या

महोदय,
पाऊस स्थिरावला की अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या गवताळ उतारांवर हबेनारिया ही जमिनीवर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलते. मातीला चिकटलेले एखाद-दुसरे पान, त्यातून वर येणारा दांडा आणि दोऱ्यासारख्या फाटलेल्या पाकळ्यांचे पांढरे फूल, जणू गवतावर कोळी बसलाय. फुलामागच्या लांब नळीत मध असतो, तो पतंगांसाठी.

ही झाडे हौसेने उपटून कुंडीत लावली जातात आणि वर्षभरात मरतात. कारण साधे आहे. जुना कंद पान-फूल काढण्यात संपतो आणि नवा कंद पावसाळाभर भरत असतो. फुलावर असताना उपटले की तो अर्धवटच राहतो. बी धुळीसारखे बारीक, त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसते. मातीतल्या विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणून डोंगरावरची मोकळी झालेली जागा सहज भरत नाही.

ज्यांच्याकडे रोपवाटिकेत वाढवलेला कंद आहे, त्यांनी दोन भाग मुरमाची खडी, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेला पालापाचोळा घ्यावा. कंद इंचभर खोल, कोंब वर. खत नको. पान पिवळे पडले की पाणी बंद, ते थेट पुढच्या पावसापर्यंत. उन्हाळ्यात मायेने घातलेल्या पाण्यानेच बहुतेक कंद सडतात.

आणखी एक विनंती: गवताळ पठार म्हणजे ओसाड जमीन नव्हे. वृक्षारोपणाचे खड्डे तिथे खणू नयेत.

– एक वाचक, नाशिक