आजोबा, तुम्ही मला काम सांगितलंत

प्रिय आजोबा,

तुमचे कुणी आभार मानायला लागलं की तुम्ही टोपी पुढे ओढता आणि हवापाण्याचं बोलायला लागता. गेल्या नाताळात हिने प्रयत्न केला, तर तुम्ही उठून आमच्या गळक्या नळाचा वॉशर बघायला गेलात. म्हणून हे पत्र तुम्हाला न येणाऱ्या भाषेत लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, गावाचंही नाही. सस्कॅचवान, रोझटाऊनच्या पश्चिमेला, एवढं पुरे. रस्ते पट्टीने आखलेले, झाड औषधालाही नाही आणि शेजाऱ्याचा दिवा दीड-दोन मैलांवर.

'आजोबा' कसं झालं ते आधी सांगतो. तुमच्या गावात दहा वर्षांचं पोरसुद्धा तुम्हाला नावाने हाक मारतं. आमच्या जिभेला ते जमेना. दोन वर्षं मी तुम्हाला कशानेच हाक मारली नाही, नुसतं समोर येऊन उभा राहायचो. शेवटी पोरांनी सोडवलं. आता नाताळच्या कार्डावर तुम्ही स्वतःच 'आजोपा' अशी सही करता. 'ब' काही तुम्हाला सापडत नाही, आणि आम्हीही तो सुधारत नाही.

आम्ही नोव्हेंबर २०१७ मध्ये आलो. हिला इथल्या छोट्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, मी रिकामा. गाडीच्या तोंडाबाहेर लोंबणारी वायर रात्री भिंतीतल्या प्लगला जोडायची असते, म्हणजे इंजिन गोठत नाही, हे मला माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात उणे ३१ मध्ये गाडी मेली आणि तुम्ही ती जिवंत करून दिलीत. त्याबद्दल मात्र हे पत्र नाही. थंडीत कुणाची गाडी बंद पडली तर इथे कुणीही थांबतं. तुम्ही मला तसंच सांगितलंत, आणि ते खरं आहे.

डिसेंबरमध्ये भारत सरकारने मसुरीवर आणि हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावलं. वाटाण्यावर तर महिनाभर आधीच ५० टक्के बसलं होतं. दुकानातल्या कॉफीच्या कोपऱ्यात तुम्ही सगळे शेतकरी रोज सकाळी बसता, पैसे कुणी द्यायचे ते फासे टाकून ठरवता. त्या दिवशी फासे पडले नाहीत. सगळ्यांच्या कणग्या मसुरीने भरलेल्या, भाव कोसळलेला, आणि गावातला एकमेव हिंदुस्थानी दूध घ्यायला दारातून आत येतोय. "तुमच्याकडं लोकांनी जेवण सोडलं काय?" एकाने विचारलं. चेष्टाच होती, पण हसलं कुणी नाही.

मी खरं ते सांगून टाकलं. माझे वडील जत तालुक्यात रब्बीला ज्वारी आणि हरभरा करतात. बाहेरचा माल आला की आमच्या बाजार समितीत भाव पडतो. ज्या कागदाने तुमचं कंबरडं मोडलं, त्याच कागदाने माझ्या बापाला चार पैसे मिळाले तर मिळतील.

तुम्ही विचारलंत, "किती जमीन आहे त्यांची?"

"सहा."

"सहाशे?"

"सहा एकर."

तुम्ही कपातली कॉफी हलवत राहिलात. तुमची दहा क्वार्टर, म्हणजे सोळाशे एकर. इथल्या हिशोबाने मध्यम शेतकरी. मग म्हणालात, "मग त्यांना मिळू देत." आणि फासे टाकलेत. त्या दिवशीच्या सगळ्या कॉफीचे पैसे तुमच्यावर आले.

तेव्हापासून तुमचा आणि बाबांचा धंदा सुरू झाला, मी मधला दलाल. तुमच्या कुंपणाच्या खांबावर पाऊस मोजायची नळी आहे. पाऊस थांबला की तुम्ही इंचाचे दशांश वाचता, रोजनिशीत लिहिता आणि मला फोन करता: "सहा दशांश. बाबांना सांग." रविवारी बाबांचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, "तिकडच्या म्हाताऱ्याकडं किती पडला?" हा असतो. तुमच्याकडे बर्फ धरून वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "आरं, हे तर आपल्याहून कोरडं!" त्या दिवसापासून तुम्ही त्यांना जवळचे वाटायला लागलात.

२०२१ च्या दुष्काळात मसूर इतकी खुजी राहिली की कंबाईनचं, म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्राचं, पातं तिच्या डोक्यावरून जात होतं. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दावणीला जनावरं न्हाईत न्हवं? मग निभावंल." मी हे भीतभीतच तुमच्या कानावर घातलं. तुम्ही गुडघ्यावर थाप मारून हसलात. मग १९३७ ची गोष्ट सांगितलीत, तुमच्या जन्माआधीची, वडिलांकडून ऐकलेली. चाऱ्यावाचून घोडे कसे गेले, तुमची आजी खिडक्यांना ओल्या चादरी कशी लावायची, ताटं पालथी मांडून जेवण समोर आल्यावरच सुलटी कशी करायचे, नाहीतर धुळीचा थर बसायचा. तुमच्या आजोबांना ही जमीन दहा डॉलर भरून मिळाली होती, १६० एकर. तुम्ही पुढे एवढंच म्हणालात की त्याआधी ती ज्यांची होती, त्यांच्याकडे कुणी दहा डॉलर नेऊन दिले नव्हते. मी अजून इथे कुणाच्या तोंडून हे इतक्या साधेपणाने ऐकलेलं नाही.

आता खरं कारण.

तिसऱ्या वर्षीचा सप्टेंबर. तुमच्या उत्तरेकडचा शेजारी कणगीच्या शिडीवरून पडला, खुबा मोडला. पीक उभं. रात्री नऊला तुमचा फोन आला. "तुला ट्रक चालवता येतो का?"

लोकांनी मला खूप काही दिलं होतं. कोट दिले, सोफा दिला, भोपळ्याची पाई दिली. थंडी कशी वाटते, हे तर शंभर जणांनी विचारलं. पण तीन वर्षांत कुणी मला काही मागितलं नव्हतं. घेऊन घेऊन माझी मान खाली गेली होती, आणि ते माझ्या बायकोलासुद्धा कळलं नव्हतं.

येतो म्हणालो. खरं तर गावाकडे ट्रॅक्टर चालवला होता, तेवढंच.

सकाळी त्या शेतात अकरा कंबाईन उभे होते. वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या घरांतले, काहींची स्वतःची मळणी अर्धवट टाकून आलेले. मी बाबांना फोन लावून कॅमेरा फिरवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इर्जिक हाय की ही." आमच्याकडे कुणाची पेरणी मागे पडली तर गाव बैलं घेऊन यायचं, एका दिवसात रान उरकायचं, घरधन्याने फक्त जेवू घालायचं. बाबांनी शेवटची इर्जिक पाहिली त्याला चाळीस वर्षं झाली. मी तर नुसता शब्द ऐकला होता.

मला मिळाला तुमचा जुना तीन टनी ट्रक. त्याचा क्लच पाय पूर्ण टेकल्याशिवाय सोडत नाही. शेतातून धान्य आणायचं, कणगीपाशी ऑगरच्या, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या नळीच्या, तोंडाला मागे लावायचं, मागची फळी थोडीच उचलायची. तिसऱ्या खेपेला मी ऑगर नीट बसायच्या आधीच फळी उघडली. गहू धबधब्यासारखा जमिनीवर. दोन मिनिटांत माझ्या गुडघ्यापर्यंत रास, आणि मागे दोन ट्रक खोळंबलेले. तुम्ही कंबाईन थांबवून चालत आलात. मला वाटलं, झालं. तुम्ही दोन फावडी आणलीत, एक मला दिलंत आणि उपसायला लागलात. निम्मी रास उपसून झाल्यावर बोललात, "या ट्रकवर प्रत्येकाने एकदा सांडलंय. तुझं आज झालं." आणि परत गेलात. साडेसातशे एकर संध्याकाळी उरकलं.

साडेअकराला मात्र तुमचं कंबाईन शेताच्या मध्यावर रिकामं उभं होतं. मी घाबरलो, बिघडलं की काय. कुणीतरी सांगितलं, रोज असंच. या वेळी तुम्ही गावातल्या वृद्धाश्रमात आजींना भरवायला जाता, सुगीतसुद्धा. त्या आता तुम्हाला ओळखत नाहीत. पण सूप तुमच्याच हातून घेतात, असं हिने मला नंतर सांगितलं.

दुपारचं जेवण शेतातच. गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून बायकांनी पदार्थ मांडले. हिने अख्खा मसूर केला होता, सांगली-कोल्हापूरकडे करतात तसा, तिखट निम्म्यावर आणून, आणि चपात्या. तुम्ही ताटात डावभर घेतलात आणि विचारलंत, हे काय? मसूर, ती म्हणाली, कदाचित तुमचीच. तुम्ही चमच्यात दाणे धरून बराच वेळ पाहिलेत. सस्कॅचवान विद्यापीठातल्या स्लिंकार्डसाहेबांनी मसुरीचं 'लेअर्ड' वाण १९७८ मध्ये आणलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही मसूर धरलीत. त्याआधी एक वर्ष गहू, एक वर्ष रान पड. मसुरीने ती पड मोडली आणि पुढच्या गव्हाला नत्रही दिलं. आमच्याकडे याला बेवड म्हणतात, हे मी तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही तो शब्द तीनदा म्हणून पाहिला होतात. पेरणी झाली की जड रोलर फिरवून दगड खाली दाबायचे, कारण मसुरीच्या शेंगा जमिनीलगत असतात. हे सगळं इतकी वर्षं केलंत, आणि मसूर पोटात गेली ती फार तर कधीतरी सूपमधून. त्या दिवशी तुम्ही तीनदा वाढून घेतलीत. तिसऱ्यांदा चपातीने.

तुम्ही आणखी काय काय करता ते मी मोजत बसलो तर तुम्ही उठून जाल. आइस रिंकवर पहाटे पाणी सोडणं, स्मशानभूमीचं गवत कापणं, अग्निशमनाच्या गाडीवरची सव्वीस वर्षं. शरदातल्या गावजेवणात तुम्ही कधीच व्यासपीठावर नसता. मागे मोरीपाशी, बाह्या वर करून, भांड्यांवर. तिथे गेली चार वर्षं पुसायला मी असतो. ही जागाही तुम्हीच दिलीत: काही न बोलता फडकं माझ्या खांद्यावर टाकलंत.

त्या इर्जिकीच्या रात्री घरी आलो तेव्हा माझ्या कानात, केसांत, बुटांत गहू होता. मी आंघोळ न करता तसाच पायरीवर बसून राहिलो. बायको म्हणाली, दमलास का? मी म्हटलं, नाही. तीन वर्षांनी पहिल्यांदा मला त्या गावात कुठेही न विचारता जाता आलं असतं.

त्याबद्दल, आजोबा. मनापासून आभार. झालं, म्हणून टाकलं.

बाबा विचारत होते, या आठवड्यात किती पडला? दशांशात सांगितलंत तरी चालेल, आता त्यांना मिलिमीटर करता येतात. आणि सुगीच्या आधी त्या क्लचचं तेवढं बघून घ्या. माझा पाय गेल्या वर्षी आठवडाभर दुखत होता.

तुमचा,
ट्रकवाला