आई-बाबा, फ्लॅटच्या पैशाचं काय झालं ते सांगते

प्रिय आई, बाबा,

फोनवर तीनदा सांगायला सुरुवात केली अन् तिन्ही वेळेस आईने मधेच जेवलीस का म्हणून विचारलं, माझा धीर सुटला, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. बाबांना मोबाईलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, दादाच्या लेकराला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, त्याने ऐकलं तरी चालेल.

मागच्या दिवाळीच्या आधी मी म्हणले होते की फ्लॅटचं बुकिंग करायलेय. बुकिंग केलं नाही. माझ्या बचतीतले तीन लाख ऐंशी हजार मी एका जुन्या गाडीला दिले, अन् त्यानंतरच्या चौदा महिन्यांत जवळपास तेवढेच दुरुस्तीत गेले. आई, तू दिलेले दीड लाख जसेच्या तसे बँकेत आहेत, त्याला हात लावला नाही, पावतीचा फोटो सोबत पाठवलाय तो आधी बघ अन् मग पुढचं ऐक. खोटं बोलले त्याची माफी मागते. दिवाळीला दोनच दिवस राहून परत पळाले तेही ह्याच्यासाठीच, कंपनीत ऑडिट वगैरे काही नव्हतं.

गाडी डॅटसन २४० झेड आहे, १९७२ ची, जपानी. दोनच सीट, लांब बॉनेट, छप्पर मागे उतरत जातं अन् मागचं दार काचेसकट वर उघडतं. सहा सिलिंडर एका रांगेत, २३९३ सीसी, पेट्रोल. बाबा, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आहे अन् साखळीने फिरतो, पुशरॉड नाहीत.

आमच्या टूलरूममधल्या एका सहकाऱ्याच्या घरी लग्नाला वसमतच्या बाजूला गेले होते. जुना वाडा, पुढे ढाळज, मागच्या खोल्यांवर अजून मातीचं माळवद. जेवणं झाल्यावर हात धुवायला मागे गेले तर एका खोलीत हळदीची पोती रचलेली अन् पोत्यांच्या मागे एक लाल काच दिसली, गाडीच्या मागच्या लाईटची. पोती सरकवायला लावली. वर कडब्याच्या पेंढ्या, टायर चारही बसलेले, सगळ्या अंगावर हळदीचा अन् मातीचा थर, बोटाने पुसलं तर खाली नारिंगी रंग. त्या घरातले डॉक्टर काका नैरोबीला होते, तिकडून कायमचे परत येताना गाडी बोटीने आणली, तेव्हा परत येणाऱ्यांना तशी सवलत असायची. केनियातही आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात म्हणून स्टेअरिंग उजवीकडेच आहे. काका होते तोवर नांदेडला न्यायचे म्हणे, १९९४ ला ते गेले अन् तेव्हापासून गाडी तिथंच. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. भंगारवाला किलोवर भाव देऊन गेला होता अन् त्यांनी त्याला उठवून लावलं होतं. मी दोनदा परत गेले, मग त्यांनी हो म्हणलं. कस्टमच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेल्या होत्या, त्या माझ्या हातात देताना काकू रडल्या.

बाबा, तुम्ही आता म्हणाल, जपानी नाजूक गाडी आपल्या रोडला काय टिकणार. तर ऐका. ह्याच मॉडेलची गाडी पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीत १९७१ ला पहिली आली अन् १९७३ ला परत पहिली आली. ती रॅली म्हणजे धूळ, चिखल, दगड, हजारो किलोमीटर. १९७३ ला चालवणारा होता शेखर मेहता, युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा माणूस. १९७२ मध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना हाकलून लावलं तेव्हा त्यालाही देश सोडून केनियात यावं लागलं, अन् पुढच्याच वर्षी त्याने ही रॅली मारली. पुढे एकूण पाच वेळा जिंकला. हे मला गाडी घ्यायच्या आधी माहीत नव्हतं, नंतर वाचत गेले तसं कळत गेलं, अन् ज्या रात्री हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. नैरोबीतल्या आपल्या डॉक्टर काकांनी हीच गाडी का घेतली असेल ते मला तेव्हा समजलं असं वाटतं.

सुट्या भागांचं पण ऐका, कारण मुख्य भीती तीच असते. अमेरिकेत ही गाडी ३५२६ डॉलरला निघाली अन् लाखाच्या वर गाड्या विकल्या गेल्या. डॅटसन म्हणजे निस्सानचीच गाडी, तिथल्या निस्सानचे प्रमुख कातायामा साहेब ह्या गाडीमागे ठाम उभे राहिले (ते १०५ वर्षं जगले, आई, हे तुझ्यासाठी). इतक्या विकल्या गेल्यामुळे गॅस्केट, ब्रेकचे रबर, वॉटर पंप, कार्बोरेटरचे किट सगळं अजून नवीन मिळतं. कस्टम ड्यूटी लागते अन् ती खिशाला जाणवते, पण मिळतं.

आता गंज. ही गाडी कोकणात नाहीतर मुंबईत तीस वर्षं उभी असती तर उचलताना हातात आली असती, ह्या गाड्यांचा पत्रा पातळ अन् गंज हा त्यांचा जुना आजार. आपल्या कोरड्या हवेने तिला वाचवलं. पण एका जागी घात झाला, तो माळवदाने. वरची पांढरी माती वर्षानुवर्षं बॉनेट अन् पुढच्या काचेच्या मधल्या जाळीतून आत पडत राहिली, पावसाळ्यात माळवद गळलं की ती माती ओली व्हायची अन् महिनोन्‌महिने ओलीच राहायची. काचेखालचा पत्रा, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अन् बॅटरीखालची पाटी, तिन्ही जागी बोट आरपार जात होतं. मी त्यातून दोन घमेली माती काढली. जालना रोडच्या एका फॅब्रिकेटरकडे जाऊन स्वतः पुठ्ठ्याचे साचे कापून दिले, त्यावरून पत्रा वाकवला, अन् वेल्डिंग करताना चारही शनिवार मी तिथेच बसून होते. सापडेल तिथे पॅच मारून वर लांबी (पुट्टी) फासायची त्यांची तयारी होती, मी नाही म्हणले, सडलेलं सगळं कापून काढा अन् चांगल्या पत्र्याला जोडा. तुम्ही डेपोत बसच्या पायरीखालचा पत्रा असाच बदलायला लावायचा, मला आठवतं.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सहाही भोकांत गिअर ऑईल अन् डिझेल ओतलं अन् नऊ दिवस रोज ड्यूटीवरून आल्यावर पुलीला सॉकेट लावून थोडं इकडे थोडं तिकडे दाब द्यायचे, जोर नाही करायचा, फक्त दाब. दहाव्या दिवशी अर्धा इंच फिरलं. मी तिथंच खाली बसले. पूर्ण फिरायला लागल्यावर कॉम्प्रेशन बघितलं तर पाच सिलिंडर १४० च्या आसपास अन् तिसऱ्याला ९५, म्हणून हेड काढावं लागलं.

ह्या इंजिनची एक खोड आहे. हेड काढताना साखळी खालच्या टेन्शनरपाशी (साखळी ताणून धरतो तो) घट्ट धरून ठेवावी लागते, सैल पडली की टेन्शनर बाहेर उडतो अन् मग पुढचं सगळं कव्हर उघडल्याशिवाय तो परत बसत नाही. त्यासाठी लाकडाची पाचर ठोकतात. मी गावाकडून आणलेल्या बाभळीच्या लाकडाची पाचर तासली, दोरी बांधून वरून आत सोडली अन् हलक्या हाताने बसवली. चौदा बोल्ट सैल केले, हेड उचललं, साखळी जागची हलली नाही. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर गंजून नीट बसत नव्हता. सहाही जोड्या पेस्ट लावून घासल्या, सील नवे टाकले, तीन रविवार गेले. सगळे पाने तुमच्याच पेटीतले वापरले बाबा, १२ चा रिंग पाना थोडा झिजलाय पण तोच हातात बसतो.

पेट्रोलच्या टाकीत जुनं पेट्रोल आटून वार्निश झालेलं अन् आत गंज. टाकी उतरवून त्यात नटबोल्ट टाकून हलवली, मग लिंबूसत्वाचं पाणी भरून दोन दिवस ठेवली, काळं पाणी निघालं अन् आतला पत्रा स्वच्छ. आई, मार्गशीर्षात मी तुला चिंचेने तांबं-पितळ कसं घासायचं ते विचारलं अन् तू एवढी खूश झालीस की शेवटी हिने तांब्याची भांडी काढली, तर तो गाडीचा रेडिएटर होता. पण तुझ्याच पद्धतीने घासला, चिंच अन् मीठ, अन् असा निघाला की रंग द्यायला जीव होईना. रबरी नळ्या सगळ्या नव्या टाकल्या, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात टिकत नाही. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते एका मुलाने करून दिलं, चांगलं केलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. दोन कार्बोरेटर मी इथल्या एका गॅरेजला साफ करायला दिले होते. चार महिने आज देतो उद्या देतो, अन् परत आले तेव्हा एका कार्बोरेटरची सुई वेगळीच होती अन् पिस्टनवर ओरखडे. पैसे पूर्ण घेतले. पोरगी आहे, हिला काय कळणार, असं मी पाठ फिरवल्यावर तिथे कुणीतरी बोललं ते मी ऐकलं. मी भांडले नाही, घरी आणून दोन्ही उघडले, सुया अन् जेट नवे मागवले अन् स्वतः बसवले. तेव्हापासून कार्बोरेटर कुणाच्या हातात दिले नाहीत.

मागच्या रविवारी रात्री साडेनऊला ती सुरू झाली. पहिल्यांदा प्लग काढून नुसती फिरवली, ऑईलचं प्रेशर काट्यावर आलं, मग प्लग लावले. तिसऱ्या सेल्फला धरली. आधी तीन सिलिंडरवर, मग पाच, मग सहाही. पांढरा धूर निघाला अन् दोन-चार मिनिटांत गेला. मी हीटरचा पंखा लावून बघितला तर त्यातून हळद उडाली, अख्ख्या गाडीत, माझ्या तोंडावर, केसांत. मी रडत होते की हळद डोळ्यात गेली होती ते मला सांगता येणार नाही. सीट तीनदा धुतल्या तरी हळदीचा वास जात नाही अन् मला तो घालवायचाही नाही.

आता कामाचं. दोन कार्बोरेटर आहेत, पुढचा पहिल्या तिघांना पाजतो, मागचा मागच्या तिघांना. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. खालचे नट पूर्ण वर नेऊन अडीच फेरे खाली आणले, रबरी नळी कानाला लावून दोन्हीचा सुस्कारा ऐकून जुळवलं, मीटर आणून तपासलं, दोन्ही सारखे. व्हॉल्व्हचा गॅप गरम इंजिनवर इनलेट ०.२५ अन् एक्झॉस्ट ०.३० मिलिमीटर, दोनदा बघितला. तरी दोन हजार आरपीएमच्या पुढे गेलं की पुढच्या बाजूने टिकटिक येते. साखळी आहे, पेट्रोलचा पंप आहे (तो हेडलाच लावलेला आहे, कॅमवर चालतो), की पहिल्याचा रॉकर आहे, मला सांगता येत नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवणार होते पण त्यात सगळंच पत्र्यासारखं वाजतं.

बाबा, तुम्ही ढाळजेत बसून स्टँडमधून सुटलेल्या एसटीचा आवाज ऐकून हिचं बेअरिंग चाललंय म्हणता अन् दुसऱ्या दिवशी ती गाडी खरंच डेपोत उभी असते. डाव्या कानाला मशीन आहे, ठाऊक आहे मला. पण इंजिनला टेकवलेला पेचकस तुम्ही कायम उजव्या कानाला लावायचा. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही हत्यारांना हात लावला नाही, माझी पेटी पण उघडून बघत नाही, अन् आई म्हणते तू त्यांना त्या गोष्टीवरून छेडू नकोस. मी छेडत नाही. मला खरंच अडलंय. खुर्ची लावून देईन, वाकायचं नाही, बॉनेट पुढच्या बाजूला उघडतं त्यामुळे बाजूला बसूनच सगळं हाताशी येतं. पेचकस टेकवा अन् सांगा कुठून आवाज येतोय, खोलायचं मी बघते.

मी गाडी घेऊन तिकडे येऊ शकत नाही. पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना आता व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, वीस हजार फी अन् नंबरात व्हीए असतं, मी अर्ज केलाय. पण तो नंबर मिळाला तरी ती रोज फिरवायची गाडी नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. मला नियम मोडून तिला रोडवर आणायचं नाही. म्हणून तुम्हीच या. बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, त्यांना एसटी फुकट आहे, आईला अर्धं तिकीट. आधार कार्ड दोघांचंही घ्या. सकाळची बस धरली तर केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई करत दुपारच्या जेवणाला इथे. गेवराईच्या पुढे शहागडला गोदावरीचा पूल लागतो, आईला दरवेळेस तिथे पैसा टाकायचा असतो, खिडकीची सीट घ्या.

आई, तुला त्या गाडीशी काही देणंघेणं नाही हे मला ठाऊक आहे, अन् पैशाबद्दल जे बोलायचं ते तू समोरासमोर बोल, मी ऐकून घेईन. फक्त बाबांना एकटं पाठवू नकोस, तू पण ये. आठ दिवस राहा. माझी रूम लहान आहे पण पलंग तुम्हाला देते, मला खाली गादीवर झोप लागते. ज्वारीचं पीठ आण थोडं, इकडचं गोड लागत नाही.

बाबा, तो लाकडी मुठीचा लांब पेचकस देवघराच्या खालच्या फडताळात आहे, जुन्या पंचांगांच्या मागे. मागच्या वेळेस तिथेच बघितला होता. तोच आणा, माझ्याकडचे सगळे प्लास्टिकच्या मुठीचे आहेत, त्यातून आवाज नीट कानात येत नाही. बुधवारी निघा, गुरुवारी माझी सुट्टी आहे. बसस्टँडला मी साडेबारापासूनच उभी राहते.

तुमची,
छकुली