भाकरीवाचून जेवण: श्रीकांतास पत्र

गंगापूर रोड, नाशिक
दि. १२ फेब्रुवारी

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.८ निघाला, डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि त्याच आठवड्यात पुतण्याने पॅलिओ आहाराचे गुणगान करून तुला भंडावून सोडले, हे वाचून हसूही आले आणि काळजीही वाटली. व्यायामशाळेत जाणाऱ्या सड्याफटिंग पोराला जे जमते, ते चार माणसांच्या घरात, सणवार आणि पाहुणेरावळे सांभाळून रोज जमेल का, हा तुझा खरा प्रश्न आहे. मी गेली काही वर्षे तसा जेवत असल्याने उत्तर देतो: जमते. मात्र अश्मयुगातल्या माणसासारखे जेवायचे हा हट्ट सोडावा लागतो, आणि ताटातून काय काढायचे व त्या जागी काय ठेवायचे एवढाच व्यवहार पाहावा लागतो.

मूळ कल्पना तुला थोडीफार माहीत आहेच. शेती सुरू होऊन साधारण १०,००० ते १२,००० वर्षे झाली. त्याआधीचा प्रचंड काळ माणूस शिकार, मासे, कंदमुळे आणि फळे यांवर जगला, तेव्हा आपले शरीर त्याच अन्नाला सरावलेले आहे, असे हे म्हणणे. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी अभ्यासकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ते मांडले. धान्ये, डाळी-कडधान्ये, दूधदुभते, साखर आणि पुड्यातला खाऊ वर्ज्य. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, बदाम-अक्रोड, तीळ-जवस चालते.

इतिहासाच्या बाजूने हा पाया पुतण्या सांगतो तितका भक्कम नाही. इस्राएलमध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव-गव्हाचे दाणे आणि वाटण्याचा दगड मिळाला आहे, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता. आपल्याकडचेच पाहा. गंगापूरजवळ गोदावरीच्या काठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. ती ज्यांनी घडवली त्यांना बटाटा, टोमॅटो, मिरची यांतले काहीच ठाऊक नव्हते, कारण ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून गेल्या पाचशे वर्षांत आली. आधी मिरचीशिवाय रस्सा करून दाखव आणि मग अश्मयुगाच्या गोष्टी सांग, असे पुतण्याला माझ्या वतीने बजाव. मी हा आहार पाळतो तो पूर्वजांवरच्या श्रद्धेने नव्हे. साखर, मैदा, फरसाण आणि तिन्ही त्रिकाळ धान्य सुटले की भाज्या आणि प्रथिने आपोआप वाढतात आणि दुपारी चारला बिस्किटांच्या डब्याकडे हात जात नाही, एवढेच त्याचे कारण.

खरी अडचण स्वयंपाकघरात आहे. भाकरी-पोळी सोडणे जड जाते ते तिच्या चवीमुळे कमी आणि तिच्या कामामुळे जास्त. आपण भाजी पोळीने उचलतो, रस्सा भाकरीत कुस्करतो, ठेचा भाकरीवर घेतो. ती काढली की हाताला काय करावे हेच कळेनासे होते. म्हणून पोळी बंद करण्याआधी भाज्यांचा घाट बदलावा लागतो. रस्सा वाटीतून चमच्याने खायचा तर तो कमी तिखट हवा आणि सुक्या भाजीत मीठ-तिखट जवळजवळ निम्मे हवे, कारण पोळीच्या बेताने घातलेले मीठ नुसती भाजी खाताना झोंबते. हे बदलल्यावर आमच्या घरातली निम्मी कुरकुर थांबली. मटणाच्या काळ्या रश्श्यात आम्ही सुरणाच्या वाफवलेल्या फोडी सोडतो; त्या रस्सा पितात आणि पोटही भरते.

दुसरी अडचण दाण्याच्या कुटाची. शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला, म्हणून कडक नियमात तोही बाद. आणि कूट काढल्यावर आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, भरतात उरते काय? आम्ही तीळ, जवस आणि सुके खोबरे वेगवेगळे मंद आचेवर भाजतो, जवस तडतडू लागले की लगेच उतरवतो, नाहीतर ते कडवटतात, आणि सगळे भरड कुटून बरणीत भरतो. वांग्याच्या भरतात हे कूट, कांद्याची पात आणि लसूण-मिरचीचा ठेचा एवढे पुरते. खमंग काकडीत मात्र ते शोभत नाही, तिथे मी सरळ दाण्याचे कूट घालतो. तेल घाण्यावरचे तिळाचे. तूपही घेतो, ते दुधाचेच, पण कढवताना बेरी खाली बसून वेगळी होते, म्हणून बरेच पॅलिओवाले ते चालवून घेतात. सकाळी पोह्यांऐवजी मेथी किंवा शेवग्याचा पाला घातलेली अंड्यांची भुर्जी असते. भाजी बुधवारी गोदाकाठच्या बाजारातून आणतो, आणि पावसाळ्यात त्र्यंबक-पेठकडून करटोली, कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या आल्या की या आहाराइतका सोपा आहार नाही असे वाटू लागते.

आईच्या चतुर्थीला गंमत होते. तिच्या फराळातली रताळी, सुरण, खोबरे, खजूर पॅलिओत बसतात. साबुदाणा, भगर आणि दही बसत नाहीत. भगर हे तृणधान्यच आहे, हे मी तिला सांगायला गेलो नाही.

वहिनी माळकरी घरातल्या, त्यांना मी हा आहार सुचवणार नाही. डाळ, कडधान्ये, दूध, पनीर सगळेच काढल्यावर शाकाहारी माणसाच्या प्रथिनांना आधार राहत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम, आणि ती बदाम-अक्रोडांतून भरून काढणे खिशालाही परवडत नाही आणि पोटालाही. त्यांच्या ताटात मुगाची उसळ आणि ताक राहू दे. दोघांची भाजी-कोशिंबीर एकच ठेवली म्हणजे घरात दोन चुली मांडाव्या लागत नाहीत. खरे तर भिजवून नीट शिजवलेल्या डाळीला एवढे घाबरण्याचे कारण मलाही पटलेले नाही.

फळे चालतात म्हणून कितीही चालतात असे नाही, हे तुला मुद्दाम सांगतो, कारण सध्या इथे द्राक्षांचा हंगाम आहे आणि तू आलास की पेटीच उघडतोस. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १६ ग्रॅम साखर असते. तुझ्यासाठी मूठभर पुरे, तीही जेवणानंतर. दूध सोडणार असशील तर कॅल्शियमकडे लक्ष दे. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागते आणि १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. जोडीला तीळ आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे लहान मासे असावेत. मला स्वतःला वाटीभर दही सोडवले नाही, आणि मी ते सोडणारही नाही.

पॅलिओवाल्यांतच एक सवलत रूढ आहे: आठवड्याच्या २१ जेवणांपैकी तीन जेवणे मोकळी. हाच या आहाराचा कणा आहे, असे माझे मत. माझे एक जेवण रविवारच्या मिसळीला जाते, पावासकट. उरलेली दोन लग्नकार्ये आणि सणांसाठी राखून ठेवतो, म्हणजे पुरणपोळीसमोर बसून उपदेश करण्याची वेळ येत नाही. कडक पाळणाऱ्यांचे काय होते, ते स्वीडनमधल्या एका अभ्यासात दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांवर दोन वर्षे लक्ष ठेवले होते: सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली होती, दोन वर्षांअखेर मात्र हा फरक टिकला नाही. साखरेच्या बाबतीत तिथल्याच २००७ च्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात निष्कर्ष चांगले होते, पण त्यात माणसे अवघी २९. तेव्हा चमत्काराची अपेक्षा ठेवू नकोस.

सुरुवात रात्रीच्या जेवणापासून कर. दुपारची एक भाकरी सध्या राहू दे आणि रात्रीचे अंगवळणी पडले की मग न्याहारी बदल. पण त्याआधी डॉक्टरांशी बोल. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना धान्य एकाएकी तोडले तर साखर नको तितकी खाली येते, घाम फुटतो, हातपाय कापतात. मेटफॉर्मिन एकटी असेल तर तो धोका बराच कमी. क्रिएटिनिनही तपासून घे, कारण मूत्रपिंडाची तक्रार असेल तर मांस-अंडी वाढवणे तुला चालणार नाही. तुझी गोळी नेमकी कोणती, ते मात्र तू पत्रात लिहिलेलेच नाहीस, उलटटपाली कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव