‘एकही बाळ परत पाठवणार नाही’ म्हणाला होतात

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

नवजात अतिदक्षता विभागाची फीत आपण कापलीत तेव्हा मला सहावा लागला होता. ‘इथून एकही बाळ परत पाठवणार नाही,’ हे आपलं वाक्य ऐकून मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, चला, सोय झाली.

शब्द पाळलात, परत पाठवलं नाही. माझं बीपी १७०/११० वर गेलं, एकतिसाव्या आठवड्यात सिझर करावं लागलं. बाळ १३४० ग्रॅमचं. मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड, सगळं वेळेवर मिळालं. डॉक्टरांना मी बोल लावणार नाही.

पण आत अकरा बाळं आणि रात्रपाळीला एक सिस्टर! अतिदक्षतेतल्या एका बाळामागे एक, फार तर दोघांमागे एक हवी. बाळाच्या पायाला लावलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा प्रोब निसटला की मॉनिटर ओरडायचा. सिस्टरच्या हातात दुसऱ्या बाळाची दुधाची नळी, मग ती कोपराने आवाज बंद करायची. ऑक्सिजन भरपूर होता हो. तो हवेत मिसळून बेताने देणारा ब्लेंडर तेवढा खोक्यात, कुठलासा सुटा भाग आला नाही म्हणून. ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो. जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, पडदा सुटतो. १९५० च्या दशकात जगाला कळलेली गोष्ट. मला आत्ता कळली.

मला आत दिवसातून दोनदा दहा मिनिटं. कमी वजनाचं बाळ जन्मल्यापासून आईच्या छातीशी ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगतेय. आमच्याकडे आईला बसायला खुर्ची नाही. उद्घाटनाला किती मागवल्या होत्यात?

चौथ्या आठवड्याच्या सुमाराला डोळे तपासायचे असतात. डिस्चार्ज कार्डावर तो रकाना कोरा. डोळ्यांच्या डॉक्टरांची जागा रिकामी, ‘कुणी आले की फोन करू.’ आम्ही वाट बघत बसलो, अडाणीच ना! अडीच महिन्यांचा झाल्यावर तो दिव्याकडे बघेना, तेव्हा दुसरीकडे नेलं. परवा कळलं, डाव्या डोळ्याचा पडदा सुटलाय. उजव्याला घाईघाईने लेझर केलं.

जगात दहातलं एक बाळ दिवस भरायच्या आत येतं, २०२० साली १ कोटी ३४ लाख आली. उशिरा राहिलेली गर्भारपणं, मधुमेह, मूल होण्यासाठीच्या उपचारांनी राहिलेली जुळी, ही संख्या कमी होणार आहे का? आणि ही बाळं आता जगतात. तुमच्याकडे मात्र बाळ जगलं की फाईल बंद. २०३० पर्यंत नवजात मृत्यू हजारी १२ वर आणायचेत म्हणे. माझा मुलगा त्या हिशेबात तुमच्या यशात जमा आहे. अभिनंदन.

सगळीकडे हेच. शाळेची इमारत आहे, मास्तर नाही. पूल आहे, डागडुजी नाही. यंत्राच्या खरेदीत जे सुटतं ते सिस्टरच्या पगारात कुणाला सुटत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

मागण्या लिहायला बसले होते, त्या राहूनच गेल्या. रात्रीला आणखी चार सिस्टर, एक नेत्रतज्ज्ञ, खोक्यातला ब्लेंडर, आईला खुर्ची. फीत कापण्यासारखं यात काही नाही, माहीत आहे.

एक आई

ता. क. आज सकाळी विभागातून फोन आला. डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी येणार आहेत, बाळाला घेऊन या.