ठमीच्या दुखण्यात पाठीशी उभ्या राहिलेल्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "ते राहू दे, शिटली का ती?" असं विचारून विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय, आणि तेही चारचौघांत. माझी बदकी ठमी आता बरी आहे. व्यवस्थित शिटते, पाण्यात चोच खुपसून चिखल उपसते आणि मी जवळ गेलो की माझ्यावर ओरडते. तुम्ही नसता तर यातलं काहीच दिसलं नसतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

यात मी जे लिहिणार आहे ते सगळं तुम्हाला पाठ आहे. पण बदक पाळणारं दुसरं कुणीतरी हे वाचेल. हे दुखणं, म्हणजे अंडं घालताना आतलं अंग मागून बाहेर येऊन तसंच राहणं, अशा जागेचं की लोक त्याचं नावही घ्यायला लाजतात. "मागून काहीतरी लोंबतंय" यापलीकडे वर्णन जात नाही, आणि तेवढ्यावर कुणालाच मदत करता येत नाही. तुम्ही मात्र पहिल्या मिनिटालाच सरळ प्रश्न विचारलेत. रंग कसा आहे, गुलाबी की काळपट? ओलं आहे की सुकलंय? रक्त येतंय का? त्यात अंड्याचा गोल आकार दिसतोय का? ती शेपटी वर-खाली करत कुंथतेय का? आणि मी औषधाचं विचारायला तोंड उघडणार तोच म्हणालात, "अरे, आधी तिला बाकीच्यांपासून बाजूला काढ, मग बोलू."

ते सर्वांत महत्त्वाचं होतं, हे नंतर कळलं. बाहेर आलेला लालसर, ओला गोळा दिसला की बाकीची बदकं त्यावर चोची मारतात, आणि त्या टोचण्यानं अर्ध्या तासात जे नुकसान होतं ते नंतर टाक्यांनीही भरून येत नाही. पण एकट्या कोंडलेल्या बदकाचं खाणंपिणं सुटतं, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणून मधे जाळी आणि पलीकडे तिची नेहमीची जोडीदारीण, अशी सोय केली. खाली भुसा नको, तो चिकटतो. धुतलेला जुना टॉवेल अंथरा. नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाण्याचं भांडं हवंच, पण पोहायला नाही. इतकं बारीक सांगणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

अंडं घालताना बदकाचं आतलं अंग क्षणभर बाहेर येतंच. अंडं त्या मऊ आवरणातून घसरतं आणि आवरण लगेच आत जातं. अंड्याला विष्ठा लागू नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय आहे. कुणी अगदी त्याच क्षणी पाहिलं तर घाबरायचं कारण नाही. आत न जाता राहिलं तर मात्र घड्याळ सुरू झालं समजायचं. बदकं बहुतेक पहाटे अंडी घालतात, त्यामुळे सकाळी खुराडं उघडताना प्रत्येकीच्या शेपटीखाली एक नजर टाकायची सवय तुम्ही लावलीत. अंडी, विष्ठा आणि नराशी मीलन, तिन्हीची वाट तीच एक. तिथं काही बिघडलं की तिन्हीकडे बिघडतं.

आता धुण्याचं. मी आजवर जखम धुणं म्हणजे कापसानं पुसणं समजत होतो. तुम्ही कापसाला हातच लावू दिला नाहीत, कारण त्याचे धागे त्या नाजूक सालीला चिकटतात. उकळून कोमट केलेलं एक लिटर पाणी आणि त्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. याहून कडक केलं तर झोंबतं, नुसत्या साध्या पाण्यानं ऊतक आणखी फुगतं. हे पाणी सुईशिवायच्या सिरिंजमधून हळू धार धरून सोडायचं. ठमी माझ्या डाव्या काखेत, डोकं माझ्या पाठीकडे, शेपटी पुढे, पंख अंगाशी दाबलेले आणि दोन्ही पाय माझ्या तळहातावर टेकलेले. बदकाचे पाय कोंबडीएवढे दणकट नसतात, पायाला धरून उचलायचं नाही, ही तुमची ताकीद मी आजही कुणी ठमीला उचलायला लागलं की मोठ्यानं सुनावतो. पाण्याच्या धारेसरशी वाळलेल्या विष्ठेचा एक चिकट पापुद्रा सुटला आणि खाली त्या गोळ्याच्या लांब, एकमेकींशेजारी निजलेल्या घड्या दिसल्या. तुम्ही फोनवर विचारत होतात, "घड्या आहेत की गुळगुळीत?" घड्या म्हणजे अंडनलिका, अंडं जिच्यातून बाहेर येतं ती नळी. गुळगुळीत नळी असती तर आतडं, आणि मग एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

साखरेचं ऐकून मला खरंच वाटलं की तुम्ही थट्टा करताय. पण ते निव्वळ शास्त्र आहे. सुजलेल्या ऊतकात पाणी भरलेलं असतं. बाहेर साखरेचा दाट थर दिला की ते पाणी साखरेकडे ओढलं जातं आणि गोळा आक्रसतो. बारीक दळलेली साखर थोड्या सलाईनमध्ये, म्हणजे त्याच मिठाच्या पाण्यात, घट्ट कालवून दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवली, आणि गोळा डोळ्यांदेखत लहान झाला. मग ती पूर्ण धुऊन काढायची, कारण गोडावर मुंग्या आणि माश्या धावतात. आणि ऊतक काळं, कोरडं किंवा फाटलेलं असेल तर साखरेचा काही उपयोग नाही. मेलेलं ऊतक आत ढकलणं म्हणजे कुजकं आत भरणं, असे तुमचे शब्द होते. किळसवाणे आहेत, पण लक्षात राहतात.

आत सरकवायला हातमोजा आणि पाण्यात विरघळणारी जेली. तेल नाही, व्हॅसलीन नाही. तेलकट पदार्थ पिसांवर पसरला की बदकाची पाणी झटकण्याची शक्ती जाते आणि ते भिजून गारठतं. सुन्न करणारी मलमंही मनानं लावायची नाहीत; पक्ष्यांना ती सहज बाधतात. बोट मधोमध टोचायचं नाही, कडांकडून थोडं थोडं आत लोटत जायचं आणि आत गेल्यावर काही मिनिटं तळव्यानं नुसतं धरून ठेवायचं. ती कुंथली की थांबायचं. तिच्या जोराविरुद्ध जोर लावायचा नाही.

गेलं आत. आणि थोड्या वेळानं परत बाहेर आलं.

काकू, मला सगळ्यात जास्त आभार इथले मानायचे आहेत. कुणीही म्हटलं असतं, पुन्हा कर, जमेल. तुम्ही म्हणालात, "आता हात लावू नको. मी डॉक्टर नाही. हे टाक्यांचं काम आहे." आयुष्यभर बदकं पाळलेलं माणूस आपल्या अनुभवाची हद्द इतक्या सहज सांगतं, हे मी फार कमी पाहिलंय. बदकांवर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कुठे थांबायचं ते सांगणारं माणूस मला तुमच्या रूपानं पहिल्यांदा भेटलं. त्याच फोनवर तुम्ही घरून उचलून न्यायच्या वेळांची यादीच दिलीत. आत अंडं अडकलेलं दिसतंय, रक्त थांबत नाही, रंग काळपट झालाय, ती पेंग्विनसारखी ताठ उभी राहतेय, किंवा खाणं सोडलंय. अंडं अडकलं असेल तर ते आतल्या आत फोडायचा विचारही करायचा नाही. कवचाचे तुकडे नळी फाडतात आणि आतलं द्रव्य पोटात सांडलं तर जंतुसंसर्ग जिवावर बेततो. डॉक्टर सुईनं आतलं द्रव्य ओढून घेतात, ती वेगळी गोष्ट.

एका दवाखान्यात "आम्ही पक्षी बघत नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. तेव्हा तुम्ही पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांचा नंबर शोधून दिलात, आणि वाटेत गोळा सुकू नये म्हणून सलाईनमध्ये भिजवलेला कपडा त्यावर ठेवायला सांगितलंत. डॉक्टरांनी पिशवीचं तोंड दोरीनं आवळतात तसा गोल टाका घातला आणि वेदनाशामक दिलं. शिटायला जागा राहील एवढाच तो आवळतात. म्हणून तर तुमचा रोजचा प्रश्न, "शिटली का?" टाका असताना विष्ठा अडली, किंवा पूर्ण वाढलेलं अंडं येऊन ठेपलं, तर टाका लगेच सोडवावा लागतो.

त्यामुळे अंडी थांबवणं हाच अर्धा उपचार. त्यासाठी लांबणारा दिवस तोडायचा. चौदा तासांच्या वर उजेड मिळाला की तिच्या शरीराला अंडी घालायचा संकेत मिळतो. तो आठ-दहा तासांवर आणायचा, बाकी वेळ अंधार, पण दाणापाणी हाताशी. अंधार केला की दुसऱ्या दिवशी अंडं बंद होत नाही, आधीच वाढत असलेले बलक येतच राहतात. त्या दिवसांत तुम्ही मला धीर दिलात तो वेगळाच. काहींना एवढ्यानं भागत नाही, मग डॉक्टर अंडी थांबवणारं संप्रेरकाचं इम्प्लांट बसवतात. आमच्या ठमीला अंधार पुरला.

अंडी बंद झाल्यावर खाद्य बदलायचं, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. लेयर खाद्यात, म्हणजे अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या खाद्यात, साधारण 3 ते 4 टक्के कॅल्शियम असतं. अंडी न घालणाऱ्या पक्ष्याला इतकं रोज दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. वाढत्या पिलांच्या खाद्यात ते 1 टक्क्याच्या आसपास असतं. तेच द्यायचं आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा, जिला हवा ती खाईल. उलट, घालत्या बदकीला कॅल्शियम कमी पडलं तर कवच मऊ होतंच, शिवाय अंडं ढकलणारे स्नायूही ढिले पडतात, कारण आकुंचनाला कॅल्शियम लागतं. अंडं सुमारे 24 तासांत तयार होतं, त्यातले वीसेक तास एकट्या कवचावर जातात. एवढ्या कामाच्या शरीराला ऊनही हवं, नाहीतर ड जीवनसत्त्वाअभावी खाल्लेलं कॅल्शियम पचत नाही.

ठमी जाड होती, हे तुम्ही फोटो बघून ओळखलंत. चरबीनं आतली जागा आवळली जाते. त्यात दोन बलकांचं मोठं अंडं. शिवाय माद्या थोड्या आणि नर जास्त असले की सततच्या चढण्यानंही ही जागा दुखावते. नराचं इंद्रिय मळसूत्रासारखं पिळलेलं असतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं, आणि मी ते जेवताना घरात सांगून बोलणी खाल्ली.

मधे एकदा शेपटीखालची पिसं पांढरट-पिवळ्या चिकट स्रावानं माखली, तेव्हा मी पुन्हा साखरेचा डबा काढला होता. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "वास येतो का?" येत होता. आंबट, कुबट. म्हणजे हा संसर्ग, बुरशीचा नाहीतर जिवाणूंचा, आणि साखर तर बुरशीचं खाद्य. पिसं कापून जागा उघडी केली, फिकट चहाच्या रंगाचं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावलं आणि स्रावाचा नमुना डॉक्टरांकडे दिला. अँटिबायोटिक मनानं सुरू करू नको, बुरशी असेल तर वाढेल, असं तुम्ही बजावलंत आणि तसंच निघालं. माश्यांच्या दिवसांत अशा माखलेल्या पिसांत अंडी पडली की एका दिवसात अळ्या होतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघायचं, एवढं मी मात्र आपणहून केलं आणि तुमच्याकडून "शहाणा झालास" मिळवलं.

औषधं चालू असतानाची अंडी खायची नाहीत आणि औषध संपल्यावर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारायचं, हेही इथे नोंदवून ठेवतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी लागेल.

आता दिवस मोठे होतायत. ठमीनं पुन्हा गवताचा ढीग उकरून बसायला सुरुवात केलीये, त्यामुळे लवकरच अंडं येईल असं दिसतं. वजन उतरलंय, शिंपला वाटीत आहे, सलाईन, सिरिंज, हातमोजे आणि जेली एका डब्यात भरून खुराड्याच्या वरच्या फळीवर ठेवलेत, डॉक्टरांचा नंबर डब्याच्या झाकणावर चिकटवलाय. पहिलं अंडं आलं की कवच कसं आहे, त्यावर रक्ताची रेघ आहे का, याचा फोटो पाठवतो. एक विचारायचं राहिलं: पहिले काही दिवस तिला नरापासून लांबच ठेवू ना? सवडीनं कळवा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
ठमीचा माणूस