टेनिस बॉलचं प्रेशर : जुगाड करा, पण कॅन उघडल्या दिवसापासून आणि जरा जपून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर वाचकांच्या युक्त्यांमध्ये मेलेले टेनिस बॉल पीव्हीसी पाईपात भरून सायकलच्या पंपाने हवा मारायची आणि बॉल परत जिवंत करायचे अशी आयडिया आली होती, ती वाचली. आयडिया खोटी नाहीये, मी स्वतः बॉल असेच प्रेशरमध्ये ठेवतो आणि ते टिकतात हे खरंय. पण ती ज्या पद्धतीने छापलीय त्यावरून वाचणाऱ्याला वाटेल की रात्री ठेवले आणि सकाळी काढले की झाले नवे, तसं होत नाही. शिवाय तो पाईप फुटू शकतो याबद्दल अवाक्षर नाही, म्हणून हे पत्र.

आधी बॉल मरतो कशाने ते. साधा प्रेशरवाला बॉल म्हणजे आतून पोकळ रबर, वर लोकर आणि नायलॉनची फेल्ट, आणि आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १२ ते १४ पीएसआय (दाब मोजायचं एकक, दर चौरस इंचावर किती पौंड) जास्त दाबाची हवा. कॅनमध्ये पण तेवढाच दाब असतो, म्हणून कॅन उघडताना फुस्स होतं आणि म्हणूनच सीलबंद कॅनमधला बॉल महिनोन्‌महिने ताजा राहतो, आतबाहेर दाब सारखाच असल्यावर हवा जाणार कुठे. कॅन उघडला की हिशोब बदलतो. रबराला भोक नसलं तरी हवेचे रेणू त्या रबरात विरघळून हळूहळू पलीकडे निघतातच, आणि हे तुम्ही खेळा किंवा नका खेळू, चालूच राहतं. बरेच जण म्हणतात एकदाच खेळलो आणि बॉल कपाटात तसेच ठेवले तरी बसले कसे, तर असे. उन्हात बंद गाडीत ठेवले तर अजून लवकर बसतात, कारण गरम रबरातून हवा जास्त वेगाने निघते.

आता हेच उलट्या बाजूने बघा. बॉल १४ पीएसआयच्या डब्यात ठेवला तर हवा बाहेर पडायचं थांबतं, म्हणजे डबा बॉलचं वय वाढू देत नाही, पण गेलेलं पूर्ण परत देत नाही. परत द्यायचं असेल तर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा बराच जास्त लागतो आणि वेळ लागतो, कारण हवा आत जायला पण तोच रबराचा रस्ता आहे. साधा हिशोब असा आहे की पूर्ण बसलेला बॉल २८ पीएसआयमध्ये ठेवला तर तो १४ वर यायला साधारण तेवढेच दिवस लागतात जेवढ्या दिवसांत नवा बॉल उघड्यावर ठेवून १४ चा ७ होतो. म्हणजे रात्रभरात काही होत नाही, दिवस आणि कधी कधी आठवडे. आणि तिथेच विसरून गेलात तर बॉल १४ वर थांबणार नाही, पुढे चढत राहील, मग कोर्टवर तो रॉकेटसारखा उडतो आणि समोरचा विचारतो हे काय आणलंस.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की या डब्याचा खरा उपयोग मेलेल्या बॉलसाठी नाहीच, कॅन उघडला त्याच दिवशी खेळून झालं की बॉल सरळ डब्यात, १४ पीएसआय, पुढच्या खेळापर्यंत. याला कमी प्रेशर पुरतं, कमी प्रेशर म्हणजे कमी धोका, आणि बॉलचा बाउन्स दर वेळी साधारण तोच मिळतो. लोक नेमकं उलटं करतात, पिशवीभर मेलेले बॉल साठवायचे आणि मग एकदम ४०-५० पीएसआय मारून चमत्कार व्हायची वाट बघायची.

आणि हे पण लिहायला हवं होतं की प्रेशर परत आलं तरी फेल्ट परत येत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये पहिले बॉल ७ गेमनंतर आणि मग दर ९ गेमनंतर बदलतात (पहिल्यांदा ७ कारण वॉर्मअपचे दोन गेम धरतात), एवढ्या वेळात काही आतली हवा निघून जात नाही, तो मुख्यतः फेल्टचा आणि मार खाल्लेल्या रबराचा प्रश्न असतो. टक्कल पडलेला बॉल कितीही फुगवा, तो हवेत जास्त पळणार, स्पिन नीट घेणार नाही. तेव्हा फेल्ट शाबूत आहे पण टप्पा गेलाय असेच बॉल डब्यात घालण्यालायक, बाकीचे कुत्र्याला द्या किंवा खुर्चीच्या पायांना लावा.

टप्पा गेलाय की नाही ते बोटाने दाबून नीट कळत नाही. आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) नियम आहे तो वापरा, २५४ सेंटीमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर नेहमीच्या बॉलने १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळी घ्यायला हवी. भिंतीवर पेन्सिलने तीन खुणा केल्या की झालं. आयटीएफ हे साधारण २० अंश तापमानाला मोजतं, घरी तेवढं काटेकोर जमत नाही, तर शेजारी एक नवा बॉल सोडून बघा, फरक लगेच दिसतो.

बाकी जे उपाय फिरत असतात त्यातले बहुतेक टाकाऊ. बॉल गरम केला की जास्त उसळतो हे खरं, पण थंड झाला की होता तिथेच, वर त्या गरमपणात उलट हवा गमावून बसतो. सुईने हवा भरणारे पण आहेत, त्या भोकातून हवा गळणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. एक मात्र गंमतशीर आहे, सायकलवाल्यांची कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी असते ती डब्यात सोडायची. हा वायू रबरातून हवेपेक्षा खूपच वेगाने जातो, त्यामुळे बॉल पटकन फुगतो आणि माणूस खूश, पण ज्या वेगाने आत गेला त्याच वेगाने बाहेर येतो, म्हणजे डब्यातून काढल्यावर बॉल लवकर परत बसतो. साधी हवाच बरी, पंप मारायचा कंटाळा करू नका.

आता मुख्य गोष्ट, फुटण्याची. तुमच्या पानावर "तीन इंची पीव्हीसी पाईप, दोन कॅप, एक टायरचा व्हॉल्व्ह" एवढंच लिहिलं होतं. तीन इंची पाईपाचा आतला व्यास ७७ मिलिमीटर धरा, झाकणाचं क्षेत्रफळ झालं साडेशेचाळीस चौरस सेंटीमीटर. ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दोन किलोच्या थोडं वर, म्हणजे त्या झाकणावर आतून जवळजवळ १०० किलोचा जोर, एक धडधाकट माणूस सामानासकट उभा आहे असं समजा. आणि हे झाकण लोक प्रेशर न सोडता हाताने फिरवून उघडायला जातात! चेहरा बरोब्बर त्याच्यासमोर असतो.

पाईपावर पाण्याचं प्रेशर छापलेलं असतं ते बघून लोक निर्धास्त होतात, मी ३० मारतोय, हा तर १०० च्या वर झेलतो. पण पाणी दाबलं जात नाही, तडा गेला की पिचकारी उडते आणि प्रेशर लगेच शून्य. दाबलेल्या हवेत ताकद साठून राहते, ती एकदम सुटते, आणि पीव्हीसी लवचिकपणे फाटत नाही, त्याचे धारदार तुकडे होऊन उडतात. म्हणूनच पाईप बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात की दाबलेल्या हवेसाठी हा वापरू नका. ऊन लागून जुना झालेला, थंडीत कडक झालेला किंवा एकदा जोरात पडलेला पाईप तर अजून बेभरवशाचा. ड्रेनेजचा पाईप आणि त्याच्या कॅप तर प्रेशरसाठी बनवलेल्याच नसतात, आणि स्वस्त आणि रुंद म्हणून लोक नेमके तेच घेतात. काचेच्या बरणीचा तर विचार पण करू नका.

मग करायचं काय. धातूचं घ्या. ८० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, दोन्ही बाजूंना आटे पाडलेल्या कॅप आणि टेफ्लॉन टेप, एका कॅपला भोक पाडून नटने आवळायचा टायरचा व्हॉल्व्ह आतबाहेर रबरी वॉशर लावून. जड होतो, दिसायला भयानक, पण दणकट असतो. झाडांवर फवारायचा हातपंपवाला स्प्रे असतो त्यातल्या एखाद्याचं तोंड बॉल जाईल एवढं रुंद असेल तर ते अजून सोपं, पंप त्यातच आणि बहुतेकांना सेफ्टी व्हॉल्व्ह पण असतो, फक्त औषध फवारलेला जुना घेऊ नका. किंवा बाजारात यासाठीच तयार डबे मिळतात, ते काही जुगाड नाहीत पण हाताची बोटं शाबूत राहतात. घरी बनवलेला कसलाही असो, पहिल्यांदा बॉल न टाकता पाण्याने काठोकाठ भरून वापरणार त्याच्या दुप्पट प्रेशर देऊन एक दिवस ठेवा, गळतोय का बघा. मग रिकामा करून हवेचं थोडंसं प्रेशर देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील तिथे गळती. (पीव्हीसी या परीक्षेत पास झाला तरी तो हवेसाठी लायक ठरत नाही, हे परत सांगतो.)

वापरताना गेज असलेलाच पंप घ्या, अंदाजाने मारू नका. ओले बॉल आत टाकू नका, फेल्टला घाण वास सुटतो. पहिल्या एकदोन दिवसांत गेज थोडं खाली येईल, ती गळती असेलच असं नाही, बसके बॉल हवा घेत असतात, तेवढी परत मारायची. डबा उन्हात ठेवू नका, आणि उघडण्याआधी व्हॉल्व्हची पिन दाबून गेज शून्यावर आणा मगच आट्याला हात लावा.

ज्यांना ही एवढी कटकट नको त्यांनी सरावासाठी प्रेशरलेस बॉल घ्यावेत. त्यांचं रबर जाड असतं, उसळी रबराचीच, आत प्रेशरच नाही तर जाणार काय. हाताला जरा जड आणि लाकडासारखे लागतात, मॅच खेळायला मला आवडत नाहीत, पण बॉल मशीनमध्ये टाकायला किंवा टोपलीभर बॉल घेऊन सर्व्हिस मारायला उत्तम. आणि त्यांना डब्यात ठेवून काही फायदा नाही हे पण कुणीतरी सांगायला हवं, मी तसं करणारे पाहिलेत.

शेवटी एक विनंती. ती युक्ती वाचून कुणीतरी कपाटामागचा जुना ड्रेनेजचा पाईप काढून कामाला लागला असेलच, तेव्हा पुढच्या अंकात त्याच पानावर निदान तीन ओळींची चौकट टाका : पीव्हीसी नको, १४ पीएसआय पुरे, उघडण्याआधी हवा सोडा. माझं बाकीचं पत्र जागेअभावी कापलंत तरी चालेल.

आपला,
एक टेनिस खेळणारा वाचक